नोटेवरचा चेहरा, नोटेवरची सही

८ नोव्हेंबर १९४६ रोजी संध्याकाळी कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतातील न्यू ग्लासगो या गावी व्हायोला डेसमंड नावाची एक कृष्णवर्णीय उद्योजिका चित्रपट पाहायला गेली. त्या प्रवासात होत्या, मोटार नादुरुस्त झाली होती आणि दुरुस्तीसाठी रात्रभर थांबणे भाग होते. चित्रपटगृहात खालच्या मजल्यावरील जागा प्रत्यक्षात गोऱ्यांसाठी राखून ठेवलेल्या असत. तसा कोणताही लेखी नियम मात्र नव्हता. डेसमंड खाली जाऊन बसल्या. त्यांना उठायला सांगण्यात आले, तेव्हा त्यांनी तिकिटातील फरकाची रक्कम देऊ केली. ती नाकारण्यात आली, त्यांना उचलून बाहेर काढण्यात आले आणि ती रात्र त्यांनी तुरुंगात काढली. दुसऱ्या दिवशी न्यायालयात वर्णाचा उल्लेखसुद्धा झाला नाही. त्यांच्यावरचा आरोप करचुकवेगिरीचा होता, कारण वरच्या सज्जाच्या तिकिटावरील करमणूक कर आणि खालच्या जागेच्या तिकिटावरील कर यांत एका सेंटचा फरक होता. त्या एका सेंटसाठी त्यांना वीस डॉलर दंड आणि सहा डॉलर खर्च भरावा लागला.

१९ नोव्हेंबर २०१८ रोजी कॅनडाची दहा डॉलरची नवी नोट चलनात आली आणि तिच्यावर याच व्हायोला डेसमंड यांचा चेहरा होता. त्या १९६५ मध्येच वारल्या होत्या. त्यांची शिक्षा प्रांताने माफ केली ती २०१० साली, आणि त्या माफीपत्रावर सही करणाऱ्या मेअन फ्रान्सिस या लेफ्टनंट गव्हर्नरही कृष्णवर्णीय स्त्रीच होत्या. ब्रिटिश राजघराण्याबाहेरच्या एखाद्या स्त्रीने कॅनडाच्या नियमित नोटेवर एकटीने स्थान मिळवण्याची ही पहिलीच वेळ होती. आजच्या व्याख्यानाचा आरंभ मी या घटनेपासून मुद्दाम करत आहे. इतिहासातील कर्तबगार स्त्रियांना कागदी चलनावर स्थान देण्याचा विषय निघाला, की बहुतेकदा तो सन्मानाचा आणि प्रतीकाचा विषय म्हणून बोलला जातो. माझ्या मते तो त्याहून जुन्या एका हिशेबाचा विषय आहे. ज्या स्त्रियांना पैशाच्या व्यवहारातच कमी लेखले गेले, त्यांचा चेहरा पैशावर येणे यात काहीतरी येणे वसूल होते, आणि ते नीट वसूल व्हायचे असेल तर ती स्त्री नोटेवर कशी येते हे बारकाईने पाहावे लागते. स्वतःच्या नावाने, स्वतःच्या कामासाठी आणि स्वतःच्या चेहऱ्यानिशी येते का? माझे सारे म्हणणे या प्रश्नाभोवती आहे.

नोट म्हणजे मुळात काय, हे आधी ध्यानात घेऊ. पुतळा चौकात उभा असतो आणि टपाल तिकीट पाकिटावर चिकटून एकदाच प्रवास करते. नोट मात्र एक वचनपत्र असते. तिच्यावर रक्कम असते, ती देण्याची हमी असते आणि त्या हमीखाली कोणाची तरी सही असते. आता असे पाहा, की इंग्लंडमध्ये विवाहित स्त्रीला स्वतःच्या कमाईवर हक्क मिळण्यास सुरुवात झाली १८७० च्या कायद्याने, आणि स्वतःची मालमत्ता स्वतंत्रपणे बाळगण्याचा हक्क आला १८८२ च्या कायद्याने. फ्रान्समध्ये विवाहित स्त्रीला पतीच्या संमतीशिवाय बँकेत खाते उघडता येऊ लागले ते १९६५ मध्ये. अमेरिकेत स्त्री आहे किंवा विवाहित आहे या कारणावरून कर्ज नाकारण्यास कायद्याने बंदी आली ती १९७४ मध्ये. म्हणजे आज हयात असलेल्या पुष्कळ स्त्रियांनी असे दिवस पाहिले आहेत, जेव्हा त्यांच्या स्वतःच्या सहीला बँकेच्या खिडकीवर पुरती किंमत नव्हती.

आणि तरीही नोटांवर स्त्रिया नव्हत्या असे मुळीच नाही. उलट कागदी चलनाच्या इतिहासात स्त्रीची आकृती अगदी आरंभापासून आहे. बँक ऑफ इंग्लंड १६९४ मध्ये स्थापन झाली आणि तेव्हापासून तिच्या मुद्रेवर व नोटांवर भाला घेऊन बसलेली ब्रिटानिया आहे. फ्रान्सची मारियान, स्वित्झर्लंडची हेल्वेशिया, अमेरिकेची लिबर्टी, शिवाय शेती, व्यापार, न्याय, विपुलता यांच्या नावाने काढलेल्या असंख्य तरुणी एकोणिसाव्या शतकातील नोटांवर आढळतात. त्या सुंदर आहेत, त्यांच्या हातात धान्याची कणसे आहेत, तराजू आहेत, पण त्यांच्यापैकी एकीलाही चरित्र नाही. देश, न्याय, समृद्धी या कल्पनांना स्त्रीदेह देणे सोपे होते. एखाद्या स्त्रीने देशासाठी, न्यायासाठी किंवा समृद्धीसाठी काय केले हे सांगणे अवघड होते. अनामिकेला नोटेवर सहज जागा मिळाली आणि नाव असलेली बाहेर राहिली, हा विरोधाभास मला या सगळ्या इतिहासात सर्वांत बोलका वाटतो.

नाव असलेल्या ज्या स्त्रिया आल्या, त्या आधी सिंहासनावरून किंवा नवऱ्याच्या नात्याने आल्या. रशियात १७६९ मध्ये पहिले कागदी चलन काढणारी राज्यकर्ती सम्राज्ञी कॅथरीन दुसरी होती, आणि पुढे झारच्या राजवटीतील शंभर रूबलच्या नोटेवर तिचेच चित्र आले. लोक त्या नोटेला लाडाने ‘कातेन्का’ म्हणत. येथे निदान चेहरा आणि कर्तृत्व यांचा थेट संबंध आहे. अमेरिकी यादवी युद्धात दक्षिणेच्या बंडखोर राज्यांनी आपल्या नोटांवर लुसी पिकेन्स हिचे चित्र छापले. ती दक्षिण कॅरोलायनाच्या गव्हर्नरची पत्नी होती आणि तिच्या सौंदर्याची ख्याती होती. त्याच प्रदेशातील नोटांवर कापूस वेचणाऱ्या गुलाम स्त्रीपुरुषांची चित्रेही असत, अर्थात नावांशिवाय. पुढे १८८६ मध्ये अमेरिकेच्या एक डॉलरच्या रौप्य प्रमाणपत्रावर, म्हणजे चांदीच्या हमीवर काढलेल्या नोटेवर, मार्था वॉशिंग्टन आल्या, त्या पहिल्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी म्हणून. मार्था यांच्याविषयी अनादर नाही. पण संघराज्याच्या कागदी चलनावर मुख्य चित्र म्हणून दुसरी कोणतीही खरीखुरी स्त्री अमेरिकेने आजवर आणलेली नाही, हे नोंदवावेच लागते.

इंग्लंडची कथा थोडी सविस्तर सांगतो, कारण या विषयावरचा आधुनिक वाद तेथेच सर्वांत स्पष्टपणे लढला गेला. बँक ऑफ इंग्लंडच्या नोटेवर राज्यकर्त्याचे चित्र प्रथम आले १९६० मध्ये, एलिझाबेथ दुसऱ्या यांचे. नोटेच्या मागील बाजूस ऐतिहासिक व्यक्ती छापण्याची प्रथा १९७० मध्ये शेक्सपियरपासून सुरू झाली. १९७५ मध्ये दहा पौंडांच्या नोटेवर फ्लॉरेन्स नाइटिंगेल आल्या. ती नोट १९९४ मध्ये चलनातून गेली, आणि २००२ मध्ये तुरुंगसुधारक एलिझाबेथ फ्राय पाच पौंडांवर येईपर्यंत राणीखेरीज एकही स्त्री त्या देशाच्या नोटांवर नव्हती. ही मधली आठ वर्षे कोणाच्या फारशी लक्षातही आली नाहीत. मग एप्रिल २०१३ मध्ये जाहीर झाले, की फ्राय यांच्या जागी विन्स्टन चर्चिल येणार. कॅरोलाइन क्रियादो पेरेझ या पत्रकार-कार्यकर्तीने यावर हरकत घेतली. त्यांची भूमिका चर्चिल यांच्याविरुद्ध नव्हती. राणी वगळता सगळ्या नोटांवर पुरुषच राहणार असतील, तर २०१० च्या समता कायद्यानुसार सार्वजनिक संस्थेवर येणारे कर्तव्य बँकेने कसे पाळले, असे त्यांनी विचारले. पस्तीस हजारांहून अधिक लोकांनी त्यांच्या निवेदनावर सह्या केल्या. २४ जुलै २०१३ रोजी नवे गव्हर्नर मार्क कार्नी यांनी जाहीर केले, की दहा पौंडांच्या पुढील नोटेवर जेन ऑस्टिन असतील, आणि व्यक्ती निवडण्याची पद्धतही बदलली जाईल.

त्यानंतर जे घडले ते या विषयाच्या कोणत्याही चर्चेत वगळता कामा नये. क्रियादो पेरेझ यांना समाजमाध्यमांवरून बलात्काराच्या आणि खुनाच्या धमक्या येऊ लागल्या, दिवसेंदिवस. जानेवारी २०१४ मध्ये त्याबद्दल दोघांना तुरुंगवासाची शिक्षा झाली. एखाद्या स्त्रीचे चित्र नोटेच्या मागच्या बाजूला छापावे, एवढीच मागणी होती. जे लोक म्हणतात की हा क्षुल्लक, निव्वळ प्रतीकाचा प्रश्न आहे, त्यांना मी ही घटना आठवायला सांगतो. क्षुल्लक गोष्टीसाठी कोणी कोणाला ठार मारण्याची धमकी देत नाही.

ऑस्टिन यांची निवड मला मनापासून आवडते, आणि म्हणूनच त्या नोटेतील उणिवा मला अधिक लागतात. ऑस्टिन यांच्या हयातीत त्यांच्या कोणत्याही पुस्तकावर त्यांचे नाव छापलेले नव्हते. १८११ मधील पहिल्या कादंबरीवर लेखकाच्या जागी ‘एका स्त्रीने’ एवढेच होते. आज जगभर वाचल्या जाणाऱ्या त्यांच्या एका कादंबरीचे हक्क त्यांनी एकशे दहा पौंडांना विकून टाकले होते. विंचेस्टर कॅथीड्रलमध्ये त्यांच्या थडग्यावर जो मूळ शिलालेख आहे, त्यात त्यांच्या बुद्धीची आणि धर्मनिष्ठेची स्तुती आहे, पण त्या लेखिका होत्या याचा उल्लेख नाही. त्याच कॅथीड्रलमध्ये १८ जुलै २०१७ रोजी, त्यांच्या मृत्यूला बरोबर दोनशे वर्षे झाली त्या दिवशी, नव्या नोटेचे अनावरण झाले. नाव लपवून लिहिणाऱ्या लेखिकेचे नाव देशाच्या चलनावर आले, हे न्याय्यच झाले.

पण चेहरा? ऑस्टिन यांची समोरून काढलेली एकच विश्वसनीय प्रतिमा आहे: त्यांची बहीण कॅसँड्रा हिने १८१० च्या सुमारास काढलेले छोटे रेखाटन. त्यात ओठ घट्ट मिटलेले आहेत, हात बांधलेले आहेत आणि नजर थोडी कडवी आहे. पुढे भाच्याने आत्याचे चरित्र लिहायला घेतले तेव्हा त्या रेखाटनावरून एका चित्रकाराकडून नवे, गोड, गोल चेहऱ्याचे चित्र करवून घेतले, आणि १८७० पासून तेच रूढ झाले. नोटेवर आलेला चेहरा हा त्या गोड केलेल्या चित्रावरचा आहे. मागे दिसणारा प्रशस्त वाडा भावाचा आहे. जेन तेथे पाहुणी म्हणून जात असत. आणि वाचनासारखा आनंद दुसऱ्या कशात नाही, अशा आशयाचे जे वाक्य खाली छापले आहे, ते त्यांच्या कादंबरीत अशा पात्राच्या तोंडी आहे, जिला वाचनात काडीचाही रस नसून केवळ एका पुरुषावर छाप पाडायची आहे. एका सूक्ष्म लेखिकेचा सन्मान करताना तिचे लेखन थोडे काळजीपूर्वक वाचले असते तर बरे झाले असते. चर्चिल यांचा चेहरा कोणी गोड करून छापला नाही. त्यांचा करारी, कपाळाला आठ्या घातलेला चेहरा जसाच्या तसा आला. स्त्रीच्या बाबतीत मात्र नोटेवर येण्यापूर्वीही ती प्रसन्न दिसावी लागते.

या चेहऱ्याच्या प्रश्नाला एक तांत्रिक बाजूही आहे. नोटेवरील चित्र धातूच्या पट्टीवर बारीक रेषा आणि ठिपके कोरून केले जाते, आणि नक्कल अवघड व्हावी म्हणून त्या रेषांची गुंतागुंत हवी असते. दाढी, मिशा, सुरकुत्या यांमुळे कोरणाऱ्याला भरपूर रेषा मिळतात. गुळगुळीत चेहऱ्यावर त्या कमी मिळतात. पुरुषांनाच पसंती देण्यासाठी हे कारण पूर्वी पुढे केले जाई. जपानमध्ये १८८१ मध्ये एक येनच्या नोटेवर प्राचीन काळची सम्राज्ञी जिंगू हिचे चित्र आले, पण ते कोरणारा कारागीर एदोआर्दो किओसोने हा इटालियन होता आणि चित्रातील सम्राज्ञी दिसायला युरोपीय वाटते. त्यानंतर कागदी नोटेवर मुख्य चित्र म्हणून दुसरी स्त्री यायला २००४ साल उजाडले. पाच हजार येनच्या नोटेवर लेखिका हिगुची इचियो आल्या. त्या वयाच्या चोविसाव्या वर्षी, १८९६ मध्ये, क्षयाने वारल्या. त्यांचे जवळजवळ सारे प्रौढ आयुष्य कर्जात गेले आणि पोट भरण्यासाठी त्यांनी काही काळ एक छोटे दुकानही चालवले. त्यांच्या कोवळ्या चेहऱ्यावर सुरकुत्या नव्हत्या, तरी ती नोट छापली गेली आणि वीस वर्षे चालली. ३ जुलै २०२४ पासून त्या जागी त्सुदा उमेको आल्या आहेत; सहा वर्षांच्या असताना त्यांना शिक्षणासाठी समुद्रापार अमेरिकेला पाठवण्यात आले होते आणि १९०० मध्ये त्यांनी मुलींसाठी उच्च शिक्षणाची शाळा काढली. म्हणजे तांत्रिक अडचण खरी असली तरी ती सोडवता येत होती. सोडवायची इच्छा उशिरा झाली.

स्कॉटलंडमधील एका बँकेने २०१६ मध्ये पाच पौंडांच्या नोटेवर नॅन शेपर्ड या लेखिकेला आणले, तेव्हा चेहरा अगदी तिचा होता. तरुणपणी छायाचित्रकाराकडे गेली असता तिने तेथे पडलेली फिल्मची पट्टी उचलून कपाळाभोवती बांधली, तिला एक ब्रूच अडकवला आणि एखाद्या दंतकथेतील राजकन्येसारखी बसली. नोटेवर ती पट्टीही आहे. असा स्वभाव नोटेवर उतरला की मला फार आनंद होतो.

आता कोणती स्त्री निवडायची, या प्रश्नाकडे येऊ. दक्षिण कोरियाने २००९ मध्ये पन्नास हजार वॉनची नोट काढली. ती त्यांच्या चलनातील सर्वांत मोठी नोट आहे आणि तिच्यावर सोळाव्या शतकातील चित्रकार शिन सायम्दांग आहेत. निवड जाहीर झाली तेव्हा काही स्त्री संघटनांनीच विरोध केला. त्यांचे म्हणणे असे, की शिन सायम्दांग यांना शतकानुशतके आदर्श माता आणि आदर्श पत्नी म्हणून मिरवले गेले; त्यांचा मुलगा यी आय हा थोर तत्त्वज्ञ असून तो आधीपासून पाच हजार वॉनच्या नोटेवर आहे; तेव्हा मुलाच्या आईचा गौरव करून स्त्रियांना पुन्हा घराच्या चौकटीतच बसवले जात आहे. हा आक्षेप मला बिनबुडाचा वाटत नाही. पण त्या नोटेवर काय छापले आहे तेही पाहावे: त्यांनी काढलेली द्राक्षे, वनस्पती आणि कीटक. त्यांची अशी चित्रे २००६ मध्ये आधी मुलाच्या नोटेच्या मागील बाजूस आली होती. तीन वर्षांनी त्या स्वतः आल्या, आणि मुलाच्या नोटेच्या दहापट किमतीच्या नोटेवर. म्हणून व्यक्तीइतकेच तिला कोणत्या कारणाने निवडले हे सांगणाऱ्या मजकुराला आणि चित्रांना महत्त्व आहे, असे मी म्हणेन.

कारण स्पष्ट असले की निवडही बळकट होते. ट्युनिशियाने २०२० मध्ये दहा दिनारच्या नोटेवर तौहिदा बेन शेख यांना आणले. त्या देशातील पहिल्या महिला डॉक्टरांपैकी त्या अग्रणी. डोमिनिकन प्रजासत्ताकाच्या दोनशे पेसोंच्या नोटेवर पात्रिया, मिनेर्वा आणि मारिया तेरेसा या मिराबाल भगिनी आहेत. हुकूमशहा त्रुहियोच्या माणसांनी २५ नोव्हेंबर १९६० रोजी त्यांची हत्या केली, आणि स्त्रियांवरील हिंसाचाराविरुद्धचा आंतरराष्ट्रीय दिवस आज जग पाळते तो याच तारखेला.

ऑस्ट्रेलियाचे उदाहरण मला सर्वांत मोकळ्या मनाचे वाटते. १९९० च्या दशकात प्लास्टिकच्या नोटा आणताना त्यांनी राणीची पाच डॉलरची नोट सोडून प्रत्येक नोटेच्या एका बाजूस पुरुष आणि दुसऱ्या बाजूस स्त्री असा नेम ठेवला. वीस डॉलरवर मेरी रिबी आहेत. मुलाचा वेश करून घोडा चोरल्याबद्दल त्यांना किशोरवयातच इंग्लंडमधून हद्दपारीची शिक्षा झाली आणि १७९२ मध्ये त्या कैदी म्हणून सिडनीला पोहोचल्या. पतीच्या मृत्यूनंतर सात मुलांना सांभाळत त्यांनी जहाजे आणि व्यापार वाढवला, आणि १८१७ मध्ये त्या वसाहतीतील पहिली बँक सुरू झाली ती त्यांच्या मालकीच्या घरात. चलनावर येण्याचा अधिकार याहून अधिक कोणाचा असेल? त्यांची शिक्षा लपवून ठेवली गेली नाही, हेही विशेष. नोटेवर येणाऱ्या स्त्रीने निष्कलंक असलेच पाहिजे, ही अट पुरुषांना कधी लावली गेली नव्हती.

पन्नास डॉलरवरील एडिथ कोवान यांच्या बाबतीत एक छोटी गोष्ट सांगतो. त्या १९२१ मध्ये ऑस्ट्रेलियातील कोणत्याही विधिमंडळावर निवडून आलेल्या पहिल्या स्त्री सदस्य. त्यांच्या पहिल्या भाषणातील मजकूर नव्या नोटेवर सूक्ष्म अक्षरांत छापला होता, आणि त्यात ‘जबाबदारी’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दातील एक अक्षर गळाले. चूक २०१९ मध्ये उघड झाली, तोवर कोट्यवधी नोटा लोकांच्या हातात गेल्या होत्या. पण त्या चुकीमुळेच लोकांचे लक्ष कोवान यांच्या भाषणाकडे गेले, याचे मला समाधान वाटते.

निवड कोणी करायची? पूर्वी हे काम मध्यवर्ती बँकेतील किंवा अर्थखात्यातील मोजके अधिकारी करत. कॅनडाने २०१६ मध्ये लोकांकडून नावे मागवली. सव्वीस हजारांहून अधिक सूचना आल्या आणि त्यांतून अटींत बसणाऱ्या ४६१ स्त्रिया निघाल्या. किमान पंचवीस वर्षांपूर्वी मृत्यू झालेला असावा, ही त्यांतली एक अट होती, आणि ती शहाणपणाची आहे. ‘इतिहासात तेवढ्या मोठ्या स्त्रिया झाल्याच नाहीत, मग आणायच्या कोठून’ असे विचारणाऱ्यांना ४६१ हा आकडा पुरेसा आहे. नावे होती, विचारणारे नव्हते.

मिळालेली जागा टिकतेच असेही नाही, आणि याकडे फार कमी लोक लक्ष देतात. पुतळा पाडला तर आरडाओरडा होतो. नोट बदलली तर केवळ नवे डिझाइन येते. कॅनडाच्याच पन्नास डॉलरच्या नोटेवर २००४ पासून स्त्रियांच्या कायदेशीर दर्जासाठी लढलेल्या पाच जणी आणि क्युबेकच्या तेरेझ काझग्रें यांची प्रतिमा होती. २०१२ मध्ये नवी नोट आली आणि तिच्यावर बर्फ फोडणारे जहाज आले. जर्मनीने १९९० पासून आणलेल्या मार्कांच्या मालिकेत आठपैकी चार नोटांवर स्त्रिया होत्या: बेटिना फॉन आर्निम, आनेटे फॉन ड्रॉस्टे-ह्युल्सहोफ, क्लारा शुमान आणि मारिया सिबिला मेरियान. मेरियान बावन्नाव्या वर्षी कीटकांची चित्रे काढायला सुरिनामच्या जंगलात गेल्या होत्या. इतका समतोल फार कोठे साधला गेला नव्हता. २००२ मध्ये युरो आला, नोटांवर काल्पनिक पूल आणि खिडक्या आल्या, आणि माणसेच गेली. पुढे वॉटरमार्कमध्ये चेहरा आला तो युरोपा या पुराणकथेतील राजकन्येचा, म्हणजे पुन्हा चरित्र नसलेल्या स्त्रीचा. जानेवारी २०२५ मध्ये युरोपीय मध्यवर्ती बँकेने पुढील नोटांसाठी ज्या दोन कल्पना निश्चित केल्या, त्यांपैकी एकीत सहा व्यक्ती आहेत आणि त्यांत गायिका मारिया कॅलास, शास्त्रज्ञ मारी क्युरी आणि शांततावादी लेखिका बेर्था फॉन सुटनर या तिघी. दुसरी कल्पना नद्या आणि पक्ष्यांची आहे. पक्षी मलाही आवडतात, पण माझे मत कोणत्या बाजूला असेल हे सांगायला नको.

चेहऱ्याइतकीच सही महत्त्वाची, असे मी आरंभी सुचवले. अमेरिकेत १९४९ मध्ये जॉर्जिया नीस क्लार्क या पहिल्या महिला कोषाध्यक्ष झाल्या आणि त्यांची सही डॉलरवर आली. नोटेवरील दोन्ही सह्या स्त्रियांच्या, असे मात्र २०२२ च्या डिसेंबरात प्रथम घडले, जॅनेट येलेन आणि लिन मालेर्बा यांच्यामुळे. बँक ऑफ इंग्लंडच्या नोटांवर तिच्या मुख्य रोखपालाची सही असते, आणि त्या पदावर पहिली स्त्री आली १९९९ मध्ये. जेन ऑस्टिन यांच्या नोटेवर सुरुवातीला सही आली ती व्हिक्टोरिया क्लेलंड यांची. एका बाजूला जिच्या पुस्तकावर नाव नव्हते ती लेखिका, आणि दुसऱ्या बाजूला जिच्या सहीवर ती नोट खरी ठरते ती अधिकारी, अशा दोघी त्या एका नोटेवर आहेत.

शेवटी हॅरिएट टबमन. मेरीलँडमध्ये गुलामगिरीत जन्म, १८४९ मध्ये पलायन, आणि मग स्वतः सुटल्यावरही सुमारे तेरा वेळा परत जाऊन सत्तरच्या आसपास माणसांना त्यांनी सोडवून आणले. यादवी युद्धात त्यांनी उत्तरेच्या सैन्यासाठी परिचारिका, टेहळ्या आणि हेर म्हणून काम केले; जून १८६३ मध्ये कंबाही नदीवरील मोहिमेत त्या वाट दाखवत होत्या आणि त्या एका रात्रीत सातशेहून अधिक गुलाम मुक्त झाले. एप्रिल २०१६ मध्ये अर्थमंत्री जॅक ल्यू यांनी जाहीर केले, की वीस डॉलरच्या दर्शनी बाजूवर टबमन येतील आणि १९२८ पासून तेथे असलेले अँड्र्यू जॅक्सन मागे जातील. जॅक्सन स्वतः गुलामांचे मालक होते, आणि मूळ रहिवाशांना त्यांच्या भूमीतून हुसकावण्याच्या १८३० च्या कायद्यावर त्यांची सही आहे. नव्या नोटेचे रूप २०२० मध्ये, स्त्रियांच्या मताधिकाराच्या शताब्दीला, दाखवले जाणार होते. २०१९ मध्ये नंतरच्या अर्थमंत्र्यांनी नकलीविरुद्धच्या सुरक्षेचे कारण देऊन ते २०२८ च्या पलीकडे ढकलले. सध्याच्या वेळापत्रकात वीस डॉलरची नवी नोट २०३० मध्ये आहे. २०२४ मध्ये टबमन यांची तीन स्मारक नाणी निघाली, पण ती संग्राहकांनी विकत घ्यायची नाणी आहेत. ती कोणाच्या पगारात येत नाहीत.

टबमन यांना नोटेवर आणण्याला एक गंभीर विरोध काही कृष्णवर्णीय लेखिकांनी केला आहे आणि तो मी टाळणार नाही. जिला मालमत्ता मानले गेले, जिची किंमत डॉलरांत ठरवली गेली, तिचे चित्र त्याच डॉलरवर छापणे हा सन्मान कसा, असे त्या विचारतात. या प्रश्नाचे पूर्ण समाधान करणारे उत्तर माझ्याकडे नाही. तरीही माझा कौल छापण्याकडे आहे, आणि त्याचे कारण टबमन यांच्या उत्तरायुष्यात आहे. युद्धानंतर त्यांनी आपल्या सेवेचा मोबदला मागितला आणि तीन दशकांहून अधिक काळ मागत राहिल्या. पैसा हा दूषित आहे म्हणून त्यांनी तो नाकारला नाही. तो आपला हक्क आहे असे त्या म्हणत राहिल्या. आधी त्यांना दिवंगत सैनिकाची विधवा म्हणून महिना आठ डॉलर मिळू लागले. मग १८९९ मध्ये अमेरिकी काँग्रेसने, म्हणजे तेथील संसदेने, परिचारिका म्हणून केलेल्या सेवेपोटी ती रक्कम वाढवली. हेर आणि वाटाड्या म्हणून केलेल्या कामाची दखल तीत नव्हती. १९१३ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांना तेवढेच मिळत होते, महिना वीस डॉलर.